अप्सरा नव्हे, दुसरी

बँकेतल्या माझ्या टेबलावर काचेखाली तीन फोटो आहेत. गजानन महाराज, मुलाची मुंज आणि सोनाली कुलकर्णी. पासबुक भरून घ्यायला आलेला माणूस पहिल्या फोटोला हात जोडतो, दुसऱ्याकडे बघून "केवढा झाला आता?" विचारतो आणि तिसऱ्यापाशी अडखळतो.

"ही कोण?"

"सोनाली कुलकर्णी."

"काहीतरीच काय मॅडम! सोनाली कुलकर्णी म्हणजे ती... अप्सरा आली."

"ती दुसरी."

खरं तर माझी पहिली. 1992 साली गिरीश कर्नाडांच्या 'चेलुवी'त माझी सोनाली फुलांचं झाड झाली, तेव्हा ती अप्सरा चार वर्षांची होती. तेव्हापासून मी त्या झाडाला पार बांधून बसले आहे. पण 1 जानेवारी 2010 ला 'नटरंग' लागला, गावोगावच्या गणपतींत स्पीकर ओरडायला लागले आणि माझी पहिली होती ती रातोरात दुसरी झाली. इंग्रजीत निदान सोय आहे, धाकटीच्या नावाला शेवटी दोन ई लावतात. मराठीत 'ली' ती 'ली'च.

धाकटीशी माझं वैर नाही, चांगली आहे पोरगी. पण देवळात विठ्ठलापुढे उभं राहावं आणि शेजारच्यानं म्हणावं, "तिरुपतीला मीपण जाऊन आलोय," असं काहीसं रोज होतं.

मीही 1974 ची, माझी सोनालीही 1974 ची. तीही पुण्याची, मीही. एवढ्या भांडवलावर मी तिला मनातल्या मनात 'आमची' म्हणते. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा 'दोघी' बघून बाहेर पडले तेव्हा माझ्याकडे सायकल होती हे मी विसरले आणि चालत घरी आले. सायकल दुसऱ्या दिवशी आणली. त्या चित्रपटात रेणुका दफ्तरदार थोरली बहीण आणि माझी सोनाली धाकटी. नाव 'दोघी' आणि ही त्यातली धाकटी! नियतीनं तेव्हाच डोळा मारला होता, मला कळलं नाही इतकंच.

घरच्यांना समजावणं हे खातेदारांना समजावण्याहून कठीण. 2011 च्या 'सिंघम'मध्ये इन्स्पेक्टर कदमांची विधवा झाली ती माझी. 2014 च्या 'सिंघम रिटर्न्स'मध्ये होती ती धाकटी. हे मी आमच्या ह्यांना कागदावर वंशावळ काढून दाखवलं. कागद नीट बघून ते म्हणाले, "म्हणजे मधल्या तीन वर्षांत ती बारीक झाली." सासूबाईंची अडचण आणखी खोल होती. 'नटरंग'चे दिग्दर्शक रवी जाधव. तेच रवी जाधव 2017 च्या 'कच्चा लिंबू'त माझ्या सोनालीचे पडद्यावरचे नवरे. सासूबाईंचं म्हणणं, "ज्यानं तिला नाचवलं त्याच्याशीच लग्न केलंन्. मग ही तीच की!" त्या तर्कापुढे मी हात टेकले. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "आणि 'छम छम करता'वाली?" ती सोनाली बेंद्रे. त्या दिवशी भाजी करपली.

चाहतीच्या वाट्याला सुख येत नाही असं नाही, पण ते उभ्यानं आणि अवेळी येतं. 'दिल चाहता है'मध्ये ती सैफबरोबर जुन्या हिंदी सिनेमांचे सगळे जमाने नाचून आली, तेव्हा मी थिएटरात एकटी टाळ्या वाजवत होते आणि पुढच्या रांगेतल्या आजोबांनी मागे वळून बघितलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी मात्र 'मिशन कश्मीर'मध्ये तिला हृतिक रोशनची आई केलेलं. मानलेली का होईना, पण आई! हृतिक जानेवारी 1974 चा, ही नोव्हेंबरची. आईपेक्षा मुलगा दहा महिन्यांनी मोठा. मी अंधारात बोटं मोडून हिशोब केला. बँकेतली आहे, चुकत नाही. पुढे 2019 ला 'भारत'मध्ये ती सलमान खानची आई झाली. आता मुलगा आईपेक्षा जवळजवळ नऊ वर्षांनी मोठा. मुदत ठेवीवर एवढी वाढ आमच्याकडेसुद्धा मिळत नाही.

मराठी चित्रपट असला की वेगळीच तऱ्हा. खेळ सकाळी दहा पंचेचाळीसला किंवा रात्री दहाला, अधेमधे काही नाही. 'गुलाबजाम' मी रात्रीचा बघितला. दोन तास पडद्यावर ती रांधते आहे, वाढते आहे, पुरणपोळीवर तूप ओतते आहे आणि माझ्या हातात मक्याच्या लाह्यांचा पुडा. साडेबाराला घरी येऊन फोडणीचा भात केला. हे उठून आले, पातेल्यात बघून म्हणाले, "अप्सरा कशी होती?" मी उत्तर दिलं नाही, पापडही दिला नाही.

महोत्सव हे प्रकरण त्याहून कष्टाचं. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली माणसं रांगेत उभी राहून इराणी दिग्दर्शकांबद्दल अशी बोलतात, जणू ते सदाशिव पेठेत वरच्या मजल्यावर राहतात. आत शिरलं की खुर्च्यांवर माणसं कमी आणि रुमाल, ओढण्या, पाण्याच्या बाटल्या जास्त. एकदा तर एका खुर्चीवर फक्त छत्री बसली होती, जानेवारीत.

तिथे 'चैत्र' दाखवणार होते. क्रांती कानडेंचा लघुपट, अर्ध्या तासाच्या आत आटोपणारा. त्यातल्या कामासाठी तिचा राष्ट्रीय पुरस्कारांत खास उल्लेख झाला आणि नेमका तोच मी पाहिलेला नव्हता. रजा टाकली. पत्रकात 'चैत्र' तिसरा होता, म्हणून मी पहिल्याच्या वेळी चहा घेतला. चहाच्या रांगेत भेटलेल्या गृहस्थांनी रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्की समजावून सांगितला. त्यांना मधेच तोडणं बरं दिसेना, शिवाय चहाचे पैसे त्यांनी दिले होते. आत गेले तेव्हा पडद्यावर पांढरी अक्षरं खालून वर चालली होती.

"कुठला झाला?" मी शेजारच्या बाईंना विचारलं.

"'चैत्र'. क्रम बदलला ना आज. काय काम केलंय हो त्या मुलीनं!"

अंधारात मला एकच कुलकर्णी दिसला, जी. ए. कुलकर्णी. कथा त्यांची होती. जाऊ दे, तेही कुलकर्णीच, असं मनाशी म्हणत मी खुर्चीवर बसले. ती खुर्ची कुणाच्या तरी बाटलीची निघाली.

2006 साली तिनं एक इटालियन चित्रपट केला, 'फुओको सु दी मे'. त्यात ओमर शरीफ होता. मी आमच्या पेठेतल्या सीडीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "फुकट नाही मिळणार ताई." तो विषय तिथेच संपला.

तर मागच्या वर्षी एका मराठी पुरस्कार सोहळ्याचा पास माझ्या नणंदेच्या दिरामार्फत हाती आला. पत्रिकेवर ठळक अक्षरांत: 'विशेष उपस्थिती: सोनाली कुलकर्णी'. मी ठेवणीतली पैठणी काढली. तीस वर्षांत पहिल्यांदा तिला जिवंत बघणार होते. ह्यांनी सोफ्यावरूनच विचारलं, "कुठली ते विचारलंस का?" मी म्हणाले, "जिला पुरस्कारांची सवय आहे ती." आवाज करारी होता, पोटात गोळा आला होता.

सहाचा कार्यक्रम पावणेआठला सुरू झाला. प्रायोजकांचे सत्कार झाले. प्रायोजकांच्या वडिलांचे सत्कार झाले. कोणाला तरी शाल दोनदा दिली, कारण पहिल्यांदा कॅमेरा सुरू नव्हता. माझी मान नव्वद अंशात व्हीआयपी रांगेकडे वळलेली. दहा वाजून वीस मिनिटांनी दिवे गेले आणि ढोलकीवर थाप पडली.

पहिल्या थापेलाच कळलं. 'दोघी'च्या सोनालीला कुणी ढोलकीवर बोलवत नाही.

आता उठून जावं, तर पैठणीचा पदर खुर्चीच्या फटीत अडकलेला. बसले. धाकटी आली, हिरव्या-सोनेरी नऊवारीत, आणि सभागृह डोक्यावर घेतलं. मी हाताची घडी घालून, ओठ मिटून, तत्त्वनिष्ठ बसले होते. दुसऱ्या कडव्याला शेजारच्या बाई माझ्या कानात म्हणाल्या, "अहो, पाय जरा हळू. माझी खुर्ची हलतेय."

बाहेर आले तर साडेअकरा. मीटरनं येणारी रिक्षा मिळाली, हा त्या रात्रीचा खरा पुरस्कार. पैठणी सावरत बसले. चौक ओलांडल्यावर रिक्षावाल्यानं आरशात बघून विचारलं, "मोठा प्रोग्राम होता वाटतं? कोण आलंवतं?"

"सोनाली कुलकर्णी," मी म्हणाले आणि सवयीनं पुढचं वाक्य जिभेवर आणून ठेवलं.

"कुठली?" तो म्हणाला. "'देऊळ'मधल्या वहिनीसाहेब का अप्सरा?"

रिक्षा सिग्नलला थांबली होती. एवढ्या वर्षांत मला हा प्रश्न कोणीही विचारला नव्हता. मी पदर नीट केला, खिडकी नसलेल्या खिडकीतून बाहेर बघितलं.

"अप्सरा," मी म्हणाले.