प्लेसमेंटच्या आधी हे विचारा
बिझनेसचा कोर्स निवडताना प्लेसमेंटचं पॅकेज आणि 'इंडस्ट्री टाय-अप' (कंपन्यांशी असलेले करार) बघा, असा सल्ला एका लेखात वाचला. आमचा मस्जिद बंदरला पॅकिंगच्या खोक्यांचा धंदा आहे, दर मे महिन्यात एखाद-दुसरा विद्यार्थी इंटर्नशिपला येतो. गेल्या वर्षीचा मुलगा हुशार होता, प्रेझेंटेशन झकास. पण सुरतच्या गिऱ्हाइकाचं बिल करायला दिलं तर त्याने सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे राज्यातल्या राज्यात विकलेल्या मालाचा जीएसटी, लावून ठेवला. माल राज्याबाहेर चाललाय म्हणजे आयजीएसटी, हे दोन वर्षांत त्याला कोणी एकदाही हाताने करायला लावलं नव्हतं. माल ५० हजारांवरचा, म्हणजे ई-वे बिलही (माल वाहतुकीचा ऑनलाइन काढायचा कागद) हवं, तेही त्याला नवीनच.

तेव्हा प्रवेश घेण्याआधी तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठा (कॅन्टीनमध्ये, माहितीपत्रकातली नव्हेत). खऱ्या दुकानाचा ताळेबंद वाचलात का? उधारी वसूल करायला कधी कोणाला फोन केलात? लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायचे, हा कायदा २००६ पासून आहे. पण उधारी अडकल्यामुळे कागदावर नफा दिसत असताना पगाराला पैसे नाहीत, ही अवस्था काय असते ते वर्गात सांगून कळत नाही. शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतः धंदा केलाय, बुडवलाय, हेही विचारा. बुडवलेला असेल तर उत्तमच.

एसी वर्ग, लॅपटॉप वगैरे ठीक आहे.

तो मुलगा आता चांगल्या नोकरीत आहे. दिवाळीत फोन आला होता, म्हणाला, काका, ते बिल अजून आठवतं.