सोंगणीला गेलेली पोट्टी गैरहजर कशी?

आमच्या गावच्या शाळेची मुलींची खो-खो टीम यंदा तालुका जिंकून जिल्ह्याला चालली आहे, आणि मैदानापेक्षा जास्त धावपळ पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुरू आहे. तीन दिवस सराव बुडवला की संघाबाहेर, असा नियम काही पालकांनीच सरांच्या गळ्यात मारला. त्यात पहिल्याच फटक्यात सापडली संघातली सगळ्यात चपळ पोट्टी. घरी सोयाबीनची सोंगणी होती.

ग्रुपवर एका भाऊंनी लिहिलं, "जमत नवतं तं नाव कायले देलं? आमच्या पोरी येतेत ना पाच वाजता उठून!" तिचा बाप ग्रुपवर नाही, त्याचा फोन साधा. पारावर भेटला तेव्हा म्हणाला, "शेंगा फुटून रायल्या भाऊ, मजूर भेटत नाई. पाणी आलं तं सोयाबीनचं काय लोणचं घालू?"

मी त्या बापाच्या बाजूनं आहे.

शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात, त्यात सप्टेंबर-ऑक्टोबर येतोच. आपल्या यवतमाळकडे नेमकं तेव्हाच सोयाबीन सोंगायला येतं, आणि ते आटोपत नाही तोवर कापूस फुटतो. ज्यांच्या घरी एक तारखेला पगार पडतो, त्यांनी ठरवलेली शिस्त आहे ही. (मीही पगारदारच.)

खो-खोत एक मुलगी नसली की अडतं, हे मान्य. आठ जणी चौकोनात बसलेल्या, एक धावणारी. खो कधी द्यायचा, कुणाला द्यायचा, हे रोज सोबत खेळल्याशिवाय अंगात भिनत नाही. म्हणून न सांगता दांडी मारणं मलाही पटत नाही. पण मागच्या वर्षी सामन्याच्या आदल्या रात्री पोरीला घेऊन तिरुपतीला निघून गेलेलं एक घर आमच्यात आहे. त्यांना कुणी चकार शब्द बोललं नाही. टीमचे टी-शर्ट त्यांनी दिले होते ना!

ही पोट्टी सांगून गेली होती. परत आली तेव्हा तळहातावर धसकटांचे ओरखडे, बोटाला चिंधी. खांबाला हात घालून वळली की चिंधी सुटायची. दातानं गाठ आवळायची, की पुन्हा चौकोनात.

आणि खरं बोलू का? दहावीत सवलतीचे गुण मिळतात, स्पर्धेच्या पातळीनुसार 25 पर्यंत. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारतानं पुरुष आणि महिला दोन्ही गटांत जिंकला, महिला संघाची कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. तेव्हापासून खो-खोत 'स्कोप' दिसायला लागलाय. दिसू द्या, त्यात वाईट काही नाही. पण नववीपर्यंत "पोरगी उन्हात काळी पडते" म्हणणारे दहावीत एकदम निष्ठेवर प्रवचन द्यायला लागले की हसू येतं.

सरांना मी कळवलंय: सोंगणीचे दिवस गैरहजेरीत धरू नका, तेवढे दिवस सराव संध्याकाळी घ्या. आणि ग्रुपवरच्या भाऊंना सांगणं आहे की शिस्तीची इतकी चाड असेल तर या रविवारी आपण सगळे पालक तिच्या वावरात जाऊ. अर्ध्याच्या वर सोयाबीन अजून उभं आहे. येणाऱ्यांनी खाली नाव टाका. विळे माझ्याकडे दोनच आहेत, आपापले आणा.