पंख्याची मुलाखत

स्वस्तातला रेकॉर्डर हाती आल्यापासून मला स्वतःच्या कानांबद्दल भलताच आदर वाटू लागला आहे. समोर माणूस बोलत असला की कान त्याचं ऐकतात. पंखा, खुर्ची, स्वयंपाकघरातली भांडी यांना बाहेरच्या बाहेर वाटेला लावतात. रेकॉर्डरकडे हा पोच नाही. त्याच्या लेखी पंखाही वक्ताच, आणि काकांपेक्षा सलग बोलणारा.

काकांच्या आठवणी टिपून ठेवायच्या, एवढाच माझा बेत होता.

"काका, जरा माइककडे तोंड करा."

"माइक कुठाय?"

"ती दोन भोकं आहेत ना, तीच."

काका भोकांवर ओणवले. विषय भाऊबंदकीचा. भाऊ, भिंत, भांडण... प्रत्येक 'भ'बरोबर तोंडातला वारा थेट माइकवर आदळून स्फोट होऊ लागले. यंत्र जरा बाजूला, तिरकं ठेवलं की हे थांबतं. पण मग काकाही तिरके होतात.

त्यात 'ऑटो लेव्हल' नावाची सोय. आवाज चढला की यंत्र आपणहून तो दाबतं, उतरला की वर ओढतं. काका नाव आठवायला थांबले, की यंत्राला वाटतं हे फारच हळू बोलताहेत. ते कान टवकारतं आणि पंख्याचा बघता बघता समुद्र होतो. तेवढ्यात काका खाकरतात. हेडफोन लावून ऐकणाऱ्याने त्या जागी आधीच जपून असावं.

आवाज आला तरच रेकॉर्डिंग सुरू करणारी सोय त्याहून घातक. जागं होईपर्यंत यंत्र पहिलं अक्षर गिळतं. वाटणीच्या प्रश्नावर काका गरजले, "अमान्य!" फाइलमध्ये ते निमूटपणे 'मान्य' म्हणतात. असा पुरावा पुढच्या पिढीच्या हाती लागला तर भिंत पुन्हा बांधावी लागेल.

लाल दिव्याचा न्यायही उलटा. लुकलुकतोय म्हणजे यंत्र नुसतं तयारीत आहे. रेकॉर्डिंग चालू असताना तो गप्प, स्थिर असतो. सेल बदलले की घड्याळ १ जानेवारीवर जातं, त्यामुळे काकांनी सगळं आयुष्य नववर्षदिनी सांगितलं अशी नोंद आहे. आणि दर्जा? १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, स्टिरिओ वेव्ह, म्हणजे काहीही न गाळता साठवलेली फाइल: तासाला साधारण ६३५ एमबी. बारकावे गाळून फाइल लहान करणाऱ्या १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत हाच तास ५८ एमबीत मावतो. पण पंख्याचा बारकावा जाईल म्हणून मी वेव्हच ठेवली.

शेवटी काकांना ऐकवलं. आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून तो भारदस्त वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये ती हाडं नसतात. काकांनी कपाळाला आठ्या घालून पूर्ण फाइल ऐकली.

"हा मी नव्हे," ते म्हणाले. "पण या गृहस्थाला आपल्या घरातलं बरंच ठाऊक दिसतंय. कोण आहे हा?"