पीसीओएस फक्त बाहेरच्या खाण्याने होत नाही

'वडापाव, पिझ्झा आणि जागरणामुळेच मुलींना पीसीओएस होतो' असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि त्यामुळे मुलींना विनाकारण बोलणी खावी लागतात.

पीसीओएस म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, अंडाशयाशी निगडित हार्मोनचा विकार. तो वैद्यकात १९३५ पासून नोंदलेला आहे. त्याचं एकच असं कारण सापडलेलं नाही, पण आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. अनेकींच्या शरीरात इन्सुलिनचा परिणाम नीट होत नाही, म्हणून ते जास्त तयार होतं. वाढलेलं इन्सुलिन अंडाशयाला जास्त अँड्रोजन (पुरुषी हार्मोन) बनवायला लावतं. मग स्त्रीबीज वेळेवर बाहेर पडत नाही, पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात. वजन वाढलं की त्रास वाढतो, हे खरं. पण सडपातळ मुलींनाही हा विकार होतो. लेकीला रागावण्याआधी घरात आई, मावशी, आत्या यांपैकी कुणाला हा त्रास किंवा मधुमेह आहे का, ते डॉक्टरांना सांगा.