फोरहँडमध्ये फिरतो तो खुबा, कंबर नव्हे

इंदूरमध्ये टेनिस शिकणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये एक सल्ला सारखा फिरत असतो: ‘हाथ भूल जाओ, कमर घुमाओ.’ रामबाग, लोकमान्यनगरातल्या मराठी घरांत तो ‘हात विसर, कंबर फिरव’ असा पोचतो आणि संध्याकाळी कोर्टाच्या जाळीबाहेरून मुलांना तसाच ओरडून सांगितला जातो. सोबत पाच दावे असतात. फोरहँडची, म्हणजे रॅकेटच्या हाताच्या बाजूने मारायच्या फटक्याची, ऐंशी टक्के ताकद कमरेची असते. जितकं जास्त फिराल तितका जोर येतो. कंबर आणि खांदे दारासारखे एकदम फिरवायचे. खेळायचं ते फक्त ओपन स्टान्समध्ये, म्हणजे दोन्ही पाय जाळीसमोर शेजारी-शेजारी ठेवून. आणि रोज खांद्यावर काठी घेऊन शंभर वेळा कंबर मुरडायची.

यामागची कळकळ खरी आहे. नुसत्या हाताने चेंडू ढकलणाऱ्या मुलाचा फटका सर्व्हिस लाईनपाशीच (जाळी आणि मागची रेघ यांच्या मधल्या आडव्या रेघेपाशी) पडतो, आणि वर्षभरात कोपर किंवा मनगट धरतं. अंग वापरायलाच हवं. पण हे पाचही दावे जसे सांगितले जातात तसे चुकीचे आहेत, आणि त्यातल्या दोन दाव्यांनी मुलांच्या पाठीला अपाय होतो. (पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहिलंय, डावखुऱ्यांनी बाजू उलट धरावी.)

गोंधळ मुळात शब्दाचा आहे. इंग्रजी प्रशिक्षक ‘हिप्स’ म्हणतात. त्याचं हिंदीत ‘कमर’ झालं, मराठीत ‘कंबर’. आपण कंबर म्हणतो ती पट्टा बांधायची जागा, म्हणजे कण्याचा खालचा भाग. ‘कंबर फिरव’ म्हटल्यावर मूल नेमकं तिथून मुरडतं. पण तिथले पाच मणके फिरण्यासाठी घडलेलेच नाहीत. त्यांचे सांधे पुढे-मागे वाकायला मोकळे आणि फिरायला घट्ट असतात. एकेका सांध्यात एका बाजूला जेमतेम एक-दोन अंश फिरकी मिळते. फोरहँडला लागणारी फिरकी दोन ठिकाणांहून येते. एक, मांडीचं हाड जिथे ओटीपोटाच्या हाडात बसतं तो खुब्याचा सांधा. ज्या खुब्याचं आजीचं ऑपरेशन होतं, तोच. दुसरी जागा म्हणजे बरगड्या जोडलेला छातीमागचा कणा. कंबर मधला दुवा आहे. तिचं काम घट्ट राहून खालचा जोर वर पोचवण्याचं.

हे मुलाला समजवायचं तर त्याला उजव्या हाताची बोटं उजव्या जांघेच्या घडीत ठेवायला सांगा. आता डावा खांदा जाळीकडे येईल असं वळून, खुर्चीत बसायला निघाल्यासारखा उजवा गुडघा थोडा वाकवायचा. बोटं घडीत चिमटली गेली पाहिजेत. चिमटली तर खुबा भरला, म्हणजे वजन आणि ताण त्यावर आला. पाठीत खालच्या बाजूला पीळ जाणवला आणि बोटं मोकळीच राहिली, तर मूल कंबर मुरडतंय. सूचना द्यायचीच असेल तर ‘खुबा भर’ अशी द्यावी.

आता ऐंशी टक्के. फटक्याच्या ताकदीची अशी वाटणी करताच येत नाही, कारण ती साखळी आहे. पाय जमिनीला रेटतात, त्या रेट्याने ओटीपोट फिरतं, मग छाती, मग दंड, पुढचा हात, मनगट आणि शेवटी रॅकेट. ऊर्जेचा मोठा भाग पाय आणि धडातून येतो हे खरं. पण ऐन चेंडूशी गाठ पडताना रॅकेटच्या टोकाला जो वेग असतो, त्यात दंडाच्या खांद्यातून आत फिरण्याचा वाटा फार मोठा आहे. हात लोंबकळता ठेवला की हाच वाटा जातो. व्हीलचेअर टेनिस बघा. १९९२च्या बार्सिलोना पॅरालिम्पिकपासून तो पदकांचा खेळ आहे. त्या खेळाडूंना पायांचा रेटा नाही, खुबे खुर्चीत बसलेले, तरीही बेसलाईनवरून (कोर्टाच्या मागच्या रेघेवरून) ते जबरदस्त फोरहँड मारतात. ताकदीचे पाचपैकी चार हिस्से खुब्यात असते तर हे शक्यच झालं नसतं.

हात ढिला हवा, मेलेला नको. पकड दहापैकी चार इतकी, कोपर अंगापासून सुटं, आणि रॅकेट मागून पुढे येताना मनगट आपोआप मागे दुमडलेलं. ती दुमड मुलाने मुद्दाम करायची नसते. खुबा आधी निघाला आणि रॅकेट मागे राहिली की ती होते.

दारासारखं एकदम फिरण्याचा दावा सगळ्यात जास्त नुकसान करतो, म्हणून त्याच्यापाशी थोडं थांबू. गोफण आठवा. अंग वळतं, मग हात, दोरी मागे रेंगाळते आणि धोंडा शेवटी सुटतो. अंग, हात आणि दोरी एकाच वेळी फिरली तर धोंडा पायाशी पडेल. फोरहँडमध्ये मागे वळून झाल्यावर खांद्यांची रेघ ओटीपोटाच्या रेघेपेक्षा साधारण २० ते ३० अंश जास्त वळलेली असते. त्या फरकामुळे पोटाचे तिरके स्नायू ताणले जातात. पुढे येताना ओटीपोट आधी सुटतं, ताण क्षणभर आणखी वाढतो, आणि मग छाती झपकन मागोमाग येते. दार एकसंध असतं. त्यात ताण साठायला जागाच नाही.

क्रम असा बसवावा. समोरचा मारत असतानाच दोन्ही पायांवर हलकी उडी. चेंडू उजवीकडे आहे हे कळताच उजवं पाऊल बाहेर वळवायचं आणि डावा हात रॅकेटच्या थ्रोटवर (मूठ आणि हेड, म्हणजे तारांची चौकट, यांच्या मधल्या भागावर) ठेवूनच खांदे फिरवायचे. डावा हात लवकर सुटला की खांदे अर्धेच वळतात. शिकाऊ मुलांत ही चूक सर्रास दिसते. रॅकेट सोडल्यावर डावा हात बेसलाईनला समांतर ताणलेला. वजन बहुतेक उजव्या पायावर, जांघेत घडी. मग उजव्या पायाने जमीन रेटायची. टाच उचलली जाते, खुबा पुढे येतो, रॅकेटचं हेड अजून मागे आणि खाली असतं. छाती वळते, डावा हात दुमडून छातीशी येतो, आणि चेंडू डाव्या खुब्याच्या पुढे, अंगापासून साधारण हातभर अंतरावर गाठायचा.

क्रम बरोबर आहे का, हे कानाने तपासता येतं. रॅकेट उलटी धरायची, हेडच्या वरच्या कडेला पकडून, मूठ बाहेर. चेंडूशिवाय फोरहँडचा हात फिरवायचा. ‘सूं’ असा आवाज येतो. तो उजव्या कानामागे आला तर अंग आणि हात एकत्र सुटले आणि वेग चेंडूच्या आधीच खर्ची पडला. तो डाव्या खुब्याच्या पुढे आला पाहिजे. दहा-दहा फेऱ्यांचे दोन संच पुरतात, आणि गच्चीवरही होतात.

‘जितकं जास्त फिराल तितका जोर’ हा दावा थांबण्याचं काम विसरतो. साखळीत मागचा दुवा मंदावतो तेव्हाच त्याचा वेग पुढच्याला मिळतो. ओटीपोट मंदावतं तेव्हा छाती धावते, छाती मंदावते तेव्हा हात धावतो. छातीशी येणारा डावा हात हा यातला ब्रेक आहे. तो डावीकडे उघडा भिरकावला की छाती थांबत नाही, डावा खांदा लवकर उघडतो, मान त्याच्यामागे ओढली जाते, आणि चेंडू ओढला जाऊन डाव्या बाजूच्या रेघेबाहेर जातो. मग पालक म्हणतात, ‘अजून फिर’. त्याने तो आणखी बाहेर जातो.

हिशोब करून बघा. कोर्ट २३.७७ मीटर लांब आहे. सरळ बेसलाईनपासून बेसलाईनपर्यंत मारताना दिशा एका अंशाने चुकली तर पलीकडे चेंडू सुमारे ४१ सेंटीमीटर बाजूला जातो. आता छाती सेकंदाला ३०० अंशांनी फिरतेय आणि हात तिला दारासारखा जखडलेला आहे असं धरू. चेंडू गाठायला सेकंदाचा शंभरावा भाग इकडेतिकडे झाला की तीन अंशांची चूक, म्हणजे सव्वा मीटर. एकेरीचं कोर्ट ८.२३ मीटर रुंद असतं. रेघेजवळ मारणाऱ्याला सव्वा मीटर परवडत नाही. छाती मंदावलेली असेल तर त्या क्षणी रॅकेट काही अंतर सरळ चेंडूच्या रेषेत जाते आणि चुकीला माफी मिळते. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, हवा किंचित विरळ, चेंडू थोडा जास्तच पळतो. इथे तर नियंत्रण आधी.

इंदूर टेनिस क्लबवर आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) स्पर्धा होतात तेव्हा मुलांना घेऊन बेसलाईनच्या मागे बसा आणि चेंडूकडे न बघता एकाच खेळाडूच्या छातीकडे बघा. चेंडू लागतो तेव्हा ती जवळपास जाळीकडे तोंड करून असते. फटक्यानंतर उजवा खांदा हनुवटीखाली येईपर्यंत जे फिरणं दिसतं, ते वेग जिरवण्यासाठी असतं. चेंडू तोवर गेलेला असतो. मोबाईलवरच्या चित्रफितीत हाच शेवट डोळ्यात भरतो आणि तोच फटक्याचं कारण समजला जातो. सरावात प्रत्येक पाचव्या फटक्यानंतर मुलाला गोठायला सांगा: डावा हात छातीशी, डोकं चेंडू गाठला त्या जागेकडे, उजव्या बुटाचा तळ मागच्या कुंपणाकडे. टाच जमिनीलाच चिकटलेली असेल तर खुबा फिरलेलाच नाही. पीळ गुडघ्यात किंवा पाठीत गेलाय.

ओपन स्टान्सचा आग्रह थोडक्यात निकालात काढता येतो. लांबचा, उंच किंवा वेगात आलेला चेंडू असेल तर ओपन किंवा सेमी-ओपन (डावा पाय थोडासाच पुढे). आखूड आणि खाली राहिलेल्या चेंडूला डावा पाय पुढे टाकूनच जावं लागतं, आणि तेव्हाही खुबा पूर्ण फिरतो. अट एकच: पुढच्या पावलाची बोटं जाळीच्या दिशेने निदान ४५ अंश वळलेली हवीत. पाऊल बेसलाईनला समांतर पडलं तर डावा खुबा कुलूप लागल्यासारखा अडतो आणि पीळ डाव्या गुडघ्यात जातो. क्रिकेटमधून आलेल्या मुलांना ड्राइव्हच्या सवयीने पाऊल तसंच आडवं टाकायचं वळण असतं. त्यांच्याकडे जास्त लक्ष द्या.

उरली काठी. खांद्यावर काठी, पाय रोवलेले, आणि झटके देत डावी-उजवी. यात पायाचा रेटा नाही, क्रम नाही, थांबणं नाही. टोकाला पोचल्यावर काठीचं वजन अंगाला आणखी पुढे ओढतं आणि तो झटका कमरेच्या मणक्यांच्या मागच्या बाजूला बसतो. वाढत्या वयातल्या टेनिसपटूंत तिथेच हाडाला ताणाची चीर जाते. सर्व्ह करताना मागे वाकल्याने त्या जागेवर आधीच भार असतो. त्यात रोज शंभर झटके कशाला?

त्याऐवजी आधी खुबा मोकळा आहे का ते बघा. मुलाला पलंगाच्या कडेवर बसवा, पाय लोंबते. गुडघा हलू न देता पाऊल बाहेरच्या बाजूला न्यायचं. मांडी खुब्यात आत फिरते. तीसेक अंश सहज जायला हवं. उजवीकडे कमी असेल तर वळताना खुबा भरणार नाही, डावीकडे कमी असेल तर फटक्याचा शेवट पाठीवर येईल. मग भिंतीपासून दोन मीटरवर फोरहँडसारखं आडवं उभं राहून मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड चेंडू) भिंतीवर फेकायचा. बारा वर्षांच्या मुलाला एक किलो, मोठ्यांना दोन. दोन्ही बाजूंना आठ-आठचे तीन संच, आठवड्यातून दोनदा. बॉल दोन्ही हातांत, पण निघतो पाय. हात आधी निघाले की बॉल भिंतीवर उजवीकडे भरकटतो किंवा खाली पडतो, आणि मुलाला न सांगताच कळतं.

डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी हे थंड अंगाने करू नये. आधी दहा मिनिटं धावणं, बाजूच्या उड्या, पाय हवेत झुलवणं. आणि कमरेच्या एकाच बाजूला दुखत असेल, मागे वाकल्यावर ते वाढत असेल आणि दोन आठवड्यांत गेलं नसेल, तर रॅकेट बाजूला ठेवून हाडांच्या डॉक्टरांकडे जा. मालिश करून, पट्टा बांधून सामना खेळवू नका.