यंदा ओमाहा पक्कं! टेक्सास ए अँड एमच्या बेसबॉलवेड्या मराठी मंडळींना चार सूचना

भाकीत करायचं असेल तर नोव्हेंबरातच उरकून घ्या. फेब्रुवारीच्या मध्यावर सामने सुरू होतात, आणि एकदा का समोर दुसऱ्या कॉलेजची टीम उभी राहिली की भविष्य सांगणं फार जोखमीचं होऊन बसतं. नोव्हेंबरात मात्र आपली टीम अजिंक्य असते. पुण्याहून एम.एस.साठी ए अँड एमच्या गावी, कॉलेज स्टेशनला येऊन तुम्हाला जेमतेम एक सेमिस्टर होत आलं असेल, बंट कशाशी खातात हेही ठाऊक नसेल, तरी बिचकू नका. या कामात माहितीची अडचणच जास्त होते. किरमिजी टी-शर्ट चढवा, अंगठा वर करा आणि ठणकावून सांगा : यंदा ओमाहा!

ओमाहा म्हणजे नेब्रास्कातलं ते शहर, जिथे १९५० पासून कॉलेज वर्ल्ड सीरिज भरते. वरच्या डिव्हिजनमध्ये तीनशेच्या आसपास टीम, त्यातल्या ६४ स्पर्धेत, आणि त्यातल्या आठ ओमाहाला. आपली टीम २०२५ पर्यंत तिथे आठ वेळा जाऊन आली आणि एकदाही जिंकली नाही. कोणी हे तोंडावर फेकलं तर गडबडू नका. आठ वेळचं येणं बाकी आहे, असं शांतपणे सांगा. समोरचा फ्लोरिडा स्टेटचा निघाला तर मात्र हा युक्तिवाद आवरा. ते चोवीस वेळा गेलेत आणि त्यांचंही सगळंच येणं बाकी आहे. त्यांचे कोच माइक मार्टिन २०२९ सामने जिंकून २०१९ मध्ये निवृत्त झाले, तेही विजेतेपदाविना.

आता पुराव्याकडे वळू. शरद ऋतूत टीम आपसातच सामने खेळते. यासारखा भरवशाचा पुरावा नाही. आपल्या बॅटरांनी आपल्याच पिचरांना धुतलं, तर यंदा बॅटिंग जबरदस्त. आपल्या पिचरांनी आपल्याच बॅटरांना उभं राहू दिलं नाही, तर यंदा पिचिंग जबरदस्त. स्कोअर ३-३ राहिला तर टीम समतोल. याचा उलटा अर्थ काढणारा एखादा शहाणा प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात असतोच. बॅटर धुतात म्हणजे पिचिंग भिकार नाही का, असं तो विचारेल. तो आपल्या हाडवैऱ्याचा, म्हणजे ऑस्टिनच्या टेक्सास युनिव्हर्सिटीचा, हेर आहे असं समजून त्याला ग्रुपमधून काढा.

मग येतं सीझनपूर्व रँकिंग. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण इथे कोणाला ठाऊक नाही, हे आपलं भाग्य. २०२५ च्या सीझनआधी ए अँड एम देशात पहिल्या नंबरवर होती. त्या वर्षी ३० सामने जिंकले, २६ हरले. एसईसी या आपल्या परिषदेत, म्हणजे लीगमध्ये, सोळा टीम. त्यातल्या तेरा राष्ट्रीय स्पर्धेत गेल्या आणि उरलेल्या तिघांत आपण. मिझुरीने तर परिषदेतले पहिले चोवीस सामने ओळीने हरून कॉलेज स्टेशन गाठलं आणि आपल्याच मैदानावर तिन्ही सामने जिंकून ती परत गेली. पुढे-मागे तिला दुसरं कोणीही सापडलं नाही. सीझनभरात परिषदेत तिने जिंकलेले सामने एवढेच. कोणी खिजवलं तर ‘अतिथी देवो भव’ म्हणा. इंग्रजीत समजावून सांगायला लागलं तर फार खोलात शिरू नका.

अशा वेळी रँकिंग कसं वाचायचं? पहिला नंबर मिळाला तर तज्ज्ञांना सगळं कळतं. यादीत नावच नसेल तर तज्ज्ञांना काय कळतंय! २००८ मध्ये फ्रेस्नो स्टेट आपल्या रीजनलमध्ये (स्पर्धेच्या पहिल्या फेरीतल्या चार टीमच्या गटात) चौथ्या म्हणजे शेवटच्या सीडवर होती आणि चॅम्पियन झाली. २०२२ मध्ये ओल मिसला स्पर्धेत अगदी शेवटची जागा मिळाली, तीही जिंकली. उलट १९९९ ची मायामी ते २०२४ ची टेनेसी, या मधल्या सगळ्या वर्षांत स्पर्धेतला पहिला सीड एकदाही जिंकला नाही. २०२५ मध्ये तर पहिला सीड व्हँडरबिल्ट घरच्या रीजनलमध्येच गारद झाला. तेव्हा वरचा नंबर हे शुभलक्षण आहेच, पण नंबर न मिळणं हे त्याहून शुभ. मधला, अकरावा-बारावा नंबर मिळाला तर थोडी पंचाईत होते. त्या आठवड्यात गृहपाठाला बसा.

खेळाडूंची नावं पाठ करण्याच्या भानगडीत पडू नका. जो चांगला खेळतो तो जुलैत मेजर लीगच्या ड्राफ्टमध्ये जातो, ज्याला खेळवत नाहीत तो ट्रान्सफर पोर्टलमधून दुसरीकडे जातो, आणि जो उरतो त्याला अनुभवी गाभा म्हणतात. पोर्टलमधून जे येतात ते सगळे हिरे. आधीच्या कॉलेजला पारख नव्हती. पोर्टलमधून जे गेले ते मुळातच आपल्या ‘कल्चर’मध्ये बसत नव्हते. पिचरांच्या बाबतीत जरा जपून. कोपराच्या लिगामेंटची ती प्रसिद्ध शस्त्रक्रिया पहिल्यांदा झाली १९७४ मध्ये, टॉमी जॉनवर. आता कॉलेजातल्या पोरांनाही तिचं काही वाटत नाही. वर्षभर बाहेर बसलेला पिचर परतणार असेल तर त्याला नवी भरती म्हणून मोजा. वाजली तर पुंगी. शुक्रवारी आणि शनिवारी कोण पिच करणार हे साधारण ठरलेलं असतं, रविवारचं कोणालाच ठाऊक नसतं. याला बुलपेनची, म्हणजे राखीव पिचरांच्या फळीची, ‘डेप्थ’ म्हणतात.

आणि कोच. कोचच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवा, फक्त घड्याळ जवळ असू द्या. २४ जून २०२४ च्या रात्री ओमाहात आपण अंतिम फेरीचा तिसरा सामना टेनेसीशी ६-५ असा हरलो. विजेतेपदाच्या इतक्या जवळ टीम कधीच पोचली नव्हती. टेक्सासकडे जाणार का, असं एका पत्रकाराने विचारल्यावर कोच जिम श्लॉसनेगल भडकले. पुन्हा दुसरी नोकरी धरावी लागू नये म्हणूनच तर इथे आलो, अशा अर्थाचं काहीसं बोलले. दुसऱ्या दिवशी ते टेक्सासचे कोच झाले. टेक्सासकडे सहा विजेतेपदं आहेत. आपल्याकडचं त्यांनी काय नेलं असेल तर कोच. त्यांच्या पाठोपाठ ऑस्टिनला निघालेले बॅटिंग कोच मायकल अर्ली लगेच परत फिरले आणि आपले मुख्य कोच झाले. निष्ठा म्हणतात ती हीच, असं त्या आठवड्यात सगळे म्हणत होते. त्यानंतरच तो पहिला नंबर मिळाला. पुढचं वर आलंच आहे.

मैदानावर गेलात तर निकालाची चिंता करू नका, करमणूक चोख असते. समोरच्या पिचरने चार बॉल टाकून बॅटरला फुकट पहिल्या बेसवर सोडलं की आपलं पब्लिक तिथे थांबत नाही. ‘बॉल फाइव्ह, बॉल सिक्स’ असं मोजतच राहतं, त्याचा स्ट्राइक पडेपर्यंत. आपली धाव झाली की साबणाचे फुगे उडतात. एखाद्या शनिवारी फुगे उडालेच नाहीत तर वारा नव्हता.

एप्रिलमध्ये परिस्थिती बिघडली तर वेळापत्रकाकडे बोट दाखवा. एसईसीत खेळतो आपण! २०१९ पासून २०२५ पर्यंत जेवढ्या स्पर्धा झाल्या तेवढ्या या परिषदेतल्याच कोणीतरी जिंकल्या. त्या कोणात आपण नाही, हा तपशील. मेपर्यंत हार सतत होत राहिली तर आपलं, म्हणजे ए अँड एमवाल्या ‘अ‍ॅगीं’चं, जुनं वचन काढा : अ‍ॅगी कधी हरत नाहीत, त्यांचा वेळ संपतो. बेसबॉलमध्ये सामन्याला वेळेची मर्यादाच नसते असं कोणी म्हणालं, तर तो माणूस कोणत्या ग्रुपातला आहे ते आधी तपासा.

तेही चालेनासं झालं तर बेसबॉलचा विषय बंद करून फुटबॉलचा काढा. ऑगस्ट काही फार लांब नसतो. तिथे आपलं शेवटचं राष्ट्रीय विजेतेपद १९३९ चं आहे, त्यामुळे भाकितं करण्याचा अनुभव दांडगा आहे.