मोड्यूल हमखास बंद पाडण्याची रीत

शेतातला पंप मोबाइलवरून सुरू करणारे यंत्र आपण घरी बनवायला घेतले असेल, तर त्यातल्या जीएसएम मोड्यूलच्या, म्हणजे सिमकार्ड घालून मोबाइल नेटवर्कशी बोलणाऱ्या भागाच्या, वीजपुरवठ्याचा विचार अगदी शेवटी करावा आणि जमल्यास करूच नये. सिम८००एल या मोड्यूलला ३.४ ते ४.४ व्होल्ट हवेत आणि प्रक्षेपणाच्या क्षणी ते २ अँपिअरपर्यंत करंट ओढते, असे कंपनीच्या माहितीपत्रकात, म्हणजे डेटाशीटमध्ये, लिहिलेले असते. आपण ते सरळ आर्डुइनो उनो या नियंत्रक बोर्डाच्या ३.३ व्होल्टच्या पिनला जोडावे. एका दशांशाने असे काय बिघडते? ती पिन जेमतेम ५० मिलिअँपिअर देते, हे तिच्यावर छापलेले नाही, तेव्हा मनावर घेऊ नये.

कोणी वेगळ्या वीजपुरवठ्याचा आग्रहच धरला, तर सरासरीचा आधार घ्यावा. दर ४.६ मिलिसेकंदांत मोड्यूल फक्त ५७७ मायक्रोसेकंद बोलते, त्यामुळे सरासरी करंट अगदी गरीब दिसतो आणि अर्ध्या अँपिअरचा जुना चार्जर पुरेसा वाटतो. मल्टिमीटरही निमूटपणे ४ व्होल्ट दाखवतो. क्षणाक्षणाचा व्होल्टेज पडद्यावर काढून दाखवणारा ऑसिलोस्कोप मात्र चहाडखोर. त्याला घरात घेऊ नये. वीज साठवून ठेवणाऱ्या १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरने तो २ अँपिअरचा झटका एकट्याने सोसायचा म्हटला, तरी एवढ्या वेळात त्याचा दाब सुमारे १.१५ व्होल्टने उतरतो, असे हिशेबी लोक सांगतात. आपण १०० चा, तोही जुन्या रेडिओतून उपटलेला, मोड्यूलपासून वीतभर लांब लावावा. तारा बारीक आणि लांबलचक घ्याव्यात, म्हणजे जाऊन-येऊन ०.२ ओहम भरले की ०.४ व्होल्ट वाटेतच जिरतात.

चाचणी टॉवरच्या शेजारी घ्यावी, कारण तिथे मोड्यूलला हळू बोलून भागते. शेतात रेंज नसल्याने ते पूर्ण २ वॉटने ओरडते, दाब कोसळतो, ते बंद पडून पुन्हा सुरू होते आणि नेटवर्क शोधायला पुन्हा ओरडते. मोड्यूलवरचा दिवा नेटवर्क सापडल्यासारखा दर ३ सेकंदांनी लुकलुकण्याऐवजी शोध चालू असल्यासारखा सेकंदागणिक लुकलुकत राहिला, की आधी सिम बदलावे, मग अँटेना, मग कोडमधला डिले, म्हणजे थांबण्याचा वेळ, २००० वरून ५००० मिलिसेकंद करावा, आणि तरीही भागले नाही तर कंपनीला शिव्या द्याव्यात.

एवढे केल्यावर रात्री दीडला शेतीची वीज आली, की विजेरी घेऊन स्वतःच विहिरीवर जावे. विजेरीचे सेल मात्र नवे घालावेत. ती मंद झाली, तर सेल उतरलेत हे आपल्याला ताबडतोब समजते.